आण्णा, कोबाल्ट आणि साडेपंचवीस डॉलरचं लायसन्स

गेल्या महिन्यात माझा असेसमेंट रिपोर्ट मंजूर झाल्याची ईमेल आली आणि पंधरा महिने चाललेलं एक काम संपलं. जानेवारी २०२३ ला सुरू केलं तेव्हा मराठीत याबद्दल एक ओळ सुद्धा कुठे सापडली नव्हती, इंग्रजीत होतं ते सगळं कायद्याच्या भाषेत, त्यामुळे तेव्हाच ठरवलं होतं की पूर्ण झालं की सविस्तर लिहायचं. काम काय तर कॅनडात ओंटारियोमध्ये खनिज शोधायचं लायसन्स काढणं, जमिनीचा एक तुकडा खनिज शोधायला स्वतःच्या नावावर नोंदवणं (त्याला क्लेम म्हणतात), तिथे जाऊन नमुने घेणं आणि सरकारला त्याचा हिशोब देणं, तोच असेसमेंट रिपोर्ट.

मी हुपरीची. कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, गावात घराआड घर चांदीचं काम. आमच्या आण्णांनी (माझे वडील) चव्वेचाळीस वर्षं पैंजणं केली. मूस, भट्टी, टाकणखार, ऐरण हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. आण्णांकडे एक लांबट वही आहे, त्यात प्रत्येक आटणीची तारीख, वजन आणि टंच लिहिलेला असतो. टंच म्हणजे मालात शंभरात शुद्ध चांदी किती, आणि आमच्या गावात माणसाची पत त्या आकड्यावर ठरते. तर मे २०२३ मध्ये आण्णा पहिल्यांदा माझ्याकडे टोरोंटोजवळच्या मिसिसागाला येणार होते आणि जानेवारीत फोनवर बोलता बोलता ते सहज म्हणाले, "आयुष्यभर हातात चांदी खेळली, पण जमिनीतनं निघताना कशी दिसती ते काय बघितलं न्हाई गं." माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं. त्याच रात्री शोधायला लागले आणि कोबाल्ट सापडलं.

कोबाल्ट हे टोरोंटोच्या उत्तरेला साधारण पाचशे किलोमीटरवर असलेलं एक छोटं गाव, आज वस्ती जेमतेम हजार. १९०३ पर्यंत तिथे गाव नव्हतंच, जंगल, खडक आणि लाँग लेक नावाचं तळं. ओंटारियो सरकार नॉर्थ बे पासून वर न्यू लिस्कर्डच्या शेतजमिनीपर्यंत रेल्वे टाकत होतं, टेमिस्कॅमिंग अँड नॉर्दर्न ओंटारियो रेल्वे, आणि जेम्स मॅकिन्ली आणि अर्नेस्ट डॅराघ हे दोघं त्या रेल्वेला स्लीपर पुरवणारे कंत्राटदार. ऑगस्ट १९०३ मध्ये लाकूड बघत तळ्याकाठी फिरताना त्यांना खडकात धातूचे चकचकीत पापुद्रे दिसले. वाकवले तर वाकत होते, दातांनी चावून बघितलं तर दात उमटत होते असं सांगतात. मग त्यांनी नमुने माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात पाठवले आणि उत्तर आलं की टनाला ४००० औंस चांदी. मी हे आण्णांना फोनवर सांगितलं, त्यांना औंस कळेना, मग मी हिशोब करून सांगितलं की शंभराला साडेतेरा-चौदा. ते थोडा वेळ गप्पच झाले. "म्हंजे नुसत्या दगडालाच चौदा टंच?" त्यांनी दोनदा विचारलं.

तिथेच माझं ठरलं. नुसतं गाव बघून यायचं नाही, दगड–टंच–कागद ही जी वाट त्या दोघांनी धरली ती आपण पण रीतसर चालून बघायची. चांदी सापडेल अशी आशा मला पहिल्यापासून नव्हती, आण्णांना ती वाट दाखवायची होती एवढंच.

पहिला टप्पा अभ्यासाचा. ओंटारियोत प्रॉस्पेक्टर लायसन्स काढायच्या आधी माईनिंग अ‍ॅक्ट अवेअरनेस प्रोग्राम नावाचा ऑनलाईन कोर्स करावाच लागतो. फुकट आहे, घरबसल्या होतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. मी फेब्रुवारीत दोन रविवारी मिळून केला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कोर्स केल्यापासून साठ दिवसांच्या आत लायसन्सचा अर्ज करावा लागतो, नाहीतर परत कोर्स. मी ते वाचलं होतं पण मध्ये ऑफिसचं इयर-एंड आलं आणि अर्ज करेपर्यंत एकावन्न दिवस झाले होते, शेवटचा आठवडा नुसती धाकधूक. तुम्ही करणार असाल तर कोर्स संपला की त्याच दिवशी अर्ज भरा.

कोर्सबद्दल अजून थोडं सांगते कारण मला वाटलं होतं क्लिक क्लिक करून संपवायचं काहीतरी असेल, तसं निघालं नाही. जमिनीवरचा हक्क आणि जमिनीखालचा हक्क हे दोन वेगळे असतात, घर एकाचं आणि घराखालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं हे तिथे पहिल्यांदा समजलं. आणि दुसरं म्हणजे ही जमीन मुळात ज्यांची, त्या फर्स्ट नेशन्सच्या लोकांचे हक्क, त्यांच्या पवित्र जागा, त्यांच्याशी आधी बोलणं, यावर मोठा भाग आहे. कोबाल्टच्या आसपासच्या, टेमिस्कॅमिंगच्या त्या सगळ्या जंगलात अनिशिनाबे लोक हजारो वर्षं राहत होते, १९०३ च्या "शोधा"च्या गोष्टीत त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी येत नाही. मला ते वाचून वाईट वाटलं आणि मी पुढे क्लेमची जागा निवडताना हा भाग परत उघडून वाचला.

लायसन्सची फी साडेपंचवीस डॉलर, पाच वर्षांसाठी. वय अठरा पूर्ण पाहिजे, बाकी शिक्षण, अनुभव, काही विचारत नाहीत. यात माझी एक चूक झाली, माझ्या पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव आहे आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं आडनाव, मी कोर्सच्या सर्टिफिकेटवर एक आणि अर्जात दुसरं टाकलं. अर्ज अडकला. ईमेल केली, लग्नाचं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं, त्यात अकरा दिवस गेले. आपल्याकडच्या बायकांना हा नावाचा घोळ सगळीकडेच नडतो, त्यामुळे सुरुवातीलाच एक नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. २४ एप्रिलला लायसन्स आलं.

आण्णा १४ मेला आले. जेट लॅग गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना लायसन्स दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं, म्हणाले सरकारनं तुला दगड फोडायचा परवाना दिला व्हय, आणि वहीत घालून ठेवलं. वही ते सोबत घेऊन आले होते.

२३ जून, शुक्रवार. पहाटे साडेपाचला निघालो, चारशे नंबरच्या हायवेने बॅरी आणि तिथून पुढे अकरा नंबर सरळ उत्तरेला. हंट्सव्हिल, नॉर्थ बे, मग टेमागामीचं जंगल. नॉर्थ बे ला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप लांब लांब आहेत आणि मोबाईलची रेंज मधूनमधून जाते. राहायला कोबाल्टपेक्षा दहा-पंधरा मिनिटांवर टेमिस्कॅमिंग शोर्समध्ये जास्त सोय आहे, आम्ही तिथे एका साध्या मोटेलमध्ये दोन रात्री राहिलो, दोनशे साठ डॉलर. आणि जूनमध्ये जाणार असाल तर काळ्या माश्यांची तयारी ठेवा. चिलटाएवढ्या असतात पण कानामागे, केसांच्या कडेला चावतात आणि रक्त येतं. डोक्यावरून घ्यायची जाळी दहा डॉलरला मिळते, ती मी एकच आणली होती, आण्णांना दिली.

गाव पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटलं ते सांगते. रस्ते सरळ नाहीतच. एक रस्ता खडकाला वळसा घालून जातो, दुसरा मध्येच खाली उतरतो, घरं एकमेकांकडे तिरकी. कारण हे गाव कोणी आखलेलं नाही. मॅकिन्ली-डॅराघच्या पाठोपाठ महिन्याभरात रेल्वेचा लोहार फ्रेड लारोझ याला चांदी सापडली, म्हणजे त्याने कोल्ह्याला हातोडा फेकून मारला आणि तो खडकाला लागून चांदी उघडी पडली अशी दंतकथा आहे, तिथे प्रत्येक जण ती सांगतो. लारोझला स्वतःला ते तांबं वाटलं होतं. मग सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ विलेट मिलर येऊन बघून गेला आणि त्याने लिहून ठेवलं की स्टोव्हच्या झाकणाएवढे, तोफगोळ्यांसारखे चांदीचे तुकडे इथे पडलेत. त्यानेच १९०४ मध्ये एका फळीवर कोबाल्ट स्टेशन असं लिहून रुळाशेजारी लावलं आणि गावाला नाव मिळालं. चांदीचं गाव आणि नाव मात्र कोबाल्टचं, कारण इथली चांदी कोबाल्ट आणि निकेलच्या आर्सेनिकवाल्या खनिजांसोबत येते. त्यानंतर १९०५-०६ ला जी झुंबड उडाली त्यात ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने खोपटं टाकलं, खाणीच्या तोंडाशी, दोन खाणींच्या मध्ये, आणि घराखालची जमीन खाण कंपनीची. १९०६ ला ते अधिकृत टाऊन झालं. नळ नाही, गटारं नाहीत, १९०९ ला टायफॉईडची साथ आली आणि त्याच वर्षी २ जुलैला आग लागून अर्धं गाव गेलं, हजारो लोक उघड्यावर आले. तरी दोन वर्षांनी, १९११ ला, याच खाणींनी एका वर्षात तीन कोटी औंसांच्या वर चांदी काढली.

गावात एक जुनं किराणा दुकान आहे ज्याच्या छतातून खाणीचा मनोरा वर आलेला दिसतो. ती कोनिआगास खाण. हे नाव कसं आलं ते आण्णांना सांगितलं तेव्हा ते फार खुश झाले, कोबाल्ट, निकेल, चांदी आणि आर्सेनिक यांची रसायनशास्त्रातली चिन्हं एकापुढे एक ठेवली की कोनिआगास होतं. आण्णा सातवी शिकलेले, पण एजी म्हणजे चांदी हे त्यांना माहीत होतं, पावतीवर असतं म्हणे.

आता म्युझियम. सिल्व्हर स्ट्रीटवर कोबाल्ट माईनिंग म्युझियम आहे, उन्हाळ्यात खाणीच्या आतली टूर पण असते, कोलोनियल अ‍ॅडिट म्हणून आडवा बोगदा आहे त्यात नेतात. ती आधी फोन करून बुक करा, गेल्या गेल्या मिळेलच असं नाही. आत गारठा असतो, बाहेर सव्वीस डिग्री असताना आत आण्णांना माझं जॅकेट द्यावं लागलं. हेल्मेट देतात. बोगद्यात गाईडने भिंतीवर टॉर्च मारून शीर (खडकातली खनिजाची रेघ) दाखवली आणि माझा अपेक्षाभंग झाला असं नाही पण आश्चर्य वाटलं, कारण मला वाटायचं खाण म्हणजे मोठा पट्टा असेल. ती शीर तळहाताएवढी पण रुंद नव्हती. पांढरा कॅल्साईट, उभा, खडकात सुरी घुसल्यासारखा, आणि कडेला गुलाबी पावडर सांडल्यासारखा रंग. तो गुलाबी रंग म्हणजे कोबाल्ट ब्लूम, हवा-पाणी लागून कोबाल्टच्या खनिजावर येतो, आणि इथल्या लोकांना चांदीचा माग तोच दाखवायचा. शिरा इतक्या अरुंद पण इतक्या वर, अगदी जमिनीलगत, की सुरुवातीला छिन्नी-हातोडा घेऊन सुद्धा माणूस चांदी काढू शकत होता. म्हणून तर साध्या माणसांची एवढी गर्दी झाली.

पण मला जे लिहायचं आहे ते वरच्या दालनातलं. काचेच्या कपाटांमध्ये निव्वळ चांदी ठेवली आहे, म्हणजे आटवलेली नाही, दगडातून निघाली तशी. काही तुकडे पानासारखे, काही तारांच्या गुंत्यासारखे, आणि एक लादीसारखा जाड, काळपट, कडेला घासून पांढरा केलेला. आण्णा त्या लादीपुढे उभे राहिले आणि हात मागे बांधून वाकले. बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "ही कुणी आटवली?" मी म्हटलं, "आण्णा, कुणीच नाही, ही अशीच निघाली." ते परत वाकले. "न्हाई, बघ की, कड बघ तिची. मुशीतनं वतल्यासारखी कड हाय." आणि मग हळूच, "काळवंडलीया. आपल्यासारखीच काळवंडती की हीबी." तिथल्या ताईंनी आमचं बोलणं बघून विचारलं की हे काय म्हणताहेत, मी सांगितलं की हे चव्वेचाळीस वर्षं चांदीचे कारागीर आहेत, तर त्या आत गेल्या आणि हाताळायला ठेवलेला एक नमुना घेऊन आल्या, मुठीएवढा दगड, अर्धा कॅल्साईट अर्धी चांदी. आण्णांनी तो उजव्या तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, वजनाचा अंदाज घेतात तसा, अंगठ्याचं नख चांदीवर दाबून बघितलं आणि डोळे मिटून म्हणाले, "नव्वदच्या वर हाय." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी फोटो काढला नाही, काढावासा वाटला नाही.

म्युझियममधून बाहेर पडल्यावर हेरिटेज सिल्व्हर ट्रेल म्हणून जुन्या खाणींचा रस्ता आहे तो गाडीने आणि पायी केला. इथे कळकळीने सांगते, कुंपणाच्या आत एक पाऊल टाकू नका. जुने शाफ्ट (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी) पाण्याने भरलेले आहेत, काही ठिकाणी जमीन पोकळ आहे, आणि खाणींचा जो राडा तळ्यात आणि आजूबाजूला टाकलाय त्यात आर्सेनिक आहे. आण्णांची जुनी सवय, कोणताही दगड ओला करून बघायचा म्हणून बोट जिभेला लावायचं, मी दोन दिवस त्यांच्या हातावर लक्ष ठेवून होते. हात धुवायला पाणी आणि साबण गाडीत ठेवा, बूट घराबाहेर काढा.

परत आल्यावर क्लेमची नोंदणी. पूर्वी कोपऱ्यांना लाकडी खांब ठोकून क्लेम घ्यायचे, आणि कोबाल्टच्या गर्दीच्या दिवसांत तर नुसते खांब पुरत नव्हते, खरंच खनिज सापडलंय हे दाखवावं लागायचं. आता एप्रिल २०१८ पासून सगळं ऑनलाईन आहे, एमलास नावाची सिस्टीम आहे, त्यात पूर्ण ओंटारियोचा नकाशा चौकोनांमध्ये कापलेला आहे. एक चौकोन साधारण वीस हेक्टरच्या आसपास. मोकळा चौकोन निवडायचा, पन्नास डॉलर कार्डने भरायचे, क्लेम तुमचा. ऐकायला सोपं आहे पण मला जागा निवडायलाच अडीच आठवडे लागले. कोबाल्ट गावाच्या आजूबाजूला मोकळं जवळपास काहीच नाही, एक तर शंभर वर्षांपूर्वीच खाजगी मालकीच्या झालेल्या जमिनी, नाहीतर अलीकडे बॅटरीसाठी कोबाल्ट हवा म्हणून कंपन्यांनी घेतलेले क्लेम. मी रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायची, आण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. तीन गोष्टी बघायच्या: वरची जमीन सरकारी आहे का (खाजगी असेल तर मालकाला कळवणं वगैरे प्रकार वाढतो), जागा खाणकामातून वगळलेली नाही ना, आणि तिथपर्यंत रस्ता जातो का. तिसरी गोष्ट मी पहिल्यांदा बघितलीच नाही, एक छान चौकोन निवडला, मग सॅटेलाईटवर बघितलं तर चहूबाजूंनी दलदल. शेवटी कोबाल्टपासून गाडीने पाऊण तासावर, जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याला लागून एक चौकोन मिळाला. सरकारी भूगर्भ नकाशात तिथे डायबेसचा खडक दाखवलाय, कोबाल्टच्या शिरा त्याच जातीच्या खडकाच्या आसपास आहेत, आमचा आधार तेवढाच. ११ जुलै, रात्री नऊ चाळीस, पैसे भरले. आण्णांनी मोरपीस ठेवलेलं पान उघडून वहीत तारीख लिहिली.

क्लेम म्हणजे मालकी नाही हे स्पष्ट सांगते, कारण मला नातेवाईकांचे "जमीन घेतलीस का" म्हणून फोन आले. क्लेममुळे फक्त तिथे खनिज शोधायचा हक्क मिळतो. काढून विकता येत नाही, त्यासाठी पुढे लीज लागते, ते फार मोठं प्रकरण आहे. हाताच्या अवजारांनी शोधत असाल तर वेगळी परवानगी लागत नाही, मशीन, ड्रिल, मोठी खोदाई आली की एक्सप्लोरेशन प्लॅन किंवा परमिट. आणि क्लेम टिकवायला दोन वर्षांच्या आत प्रत्येक चौकोनामागे चारशे डॉलरचं काम केल्याचं दाखवावं लागतं, त्यानंतर दर वर्षी.

२ ते ४ सप्टेंबर, लाँग वीकेंड, परत उत्तरेला. माश्या गेल्या होत्या, हवा कोरडी. लायसन्स माझं, हातोडा माझ्या हातात, आण्णा पिशवी आणि वही धरून सोबत. केशरी जॅकेट दोघांनी घातलं, शिट्टी, अस्वलाचा स्प्रे, जीपीएस. दगड फोडताना चष्मा घालाच, माझ्या गालावर पहिल्याच तासात कपची उडाली. तीन दिवसांत खडकाच्या सात ठिकाणी कॅल्साईटच्या बारीक रेघा सापडल्या, करंगळीच्या जाडीच्या, गुलाबी कुठेच नाही. आण्णा प्रत्येक दगड उन्हात तिरका धरून बघायचे आणि मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका रेघेत राखाडी चमक दिसली, त्यांनी सुईने टोचून बघितलं, भुगा झाला. "चांदी असती तर सुई रुतली असती," म्हणाले. मला ही परीक्षा माहीत नव्हती, तुम्हीही करून बघा, चांदी मऊ असते, तिचा भुगा होत नाही.

प्रत्येक नमुन्याला वेगळी पिशवी, नंबर, जीपीएसचा आकडा, फोटो आणि कोणत्या वेळी घेतला ते. ते तिथेच लिहा, मोटेलवर जाऊन लिहू म्हटलं की दोन पिशव्यांची अदलाबदल होते. माझी झाली, एक ठिकाण परत जाऊन बघावं लागलं.

सातपैकी तीन नमुने लॅबला पाठवले, १२ सप्टेंबरला, एकशे एकाहत्तर डॉलर. सातही पाठवायचे होते पण खर्च बघून आण्णांनीच तीन निवडून दिले. १४ ऑक्टोबरला आण्णा परत गेले, दसऱ्याला घरी असायचंच होतं, दिवाळीच्या ऑर्डरी भावाकडे चालू होत्या. रिझल्ट १९ तारखेला आला. दोन नमुन्यांत चांदी यंत्राला मोजता येईल त्याच्या खाली. तिसऱ्यात टनाला ०.९ ग्रॅम. मी तिकडच्या सकाळी फोन केला, आण्णा दुकानातच होते.

"टंच किती आला?"

मी सांगितलं, शंभराला शून्य पॉईंट शून्य शून्य शून्य शून्य नऊ. त्यांनी शून्यं परत मोजून घेतली, पानाचा आवाज आला, म्हणजे लिहीत होते. मग म्हणाले, "हाय म्हंजे थोडी." मला खूप बरं वाटलं, मी रिझल्ट आल्यापासून त्यांना कसं सांगू याच विचारात होते.

रिपोर्टचं काम मी थंडीत केलं. त्यात लागतं ते असं: रोज काय केलं याची दिनवारी, क्लेमचा नकाशा त्यावर नमुन्यांच्या जागा, प्रत्येक दगडाचं वर्णन, लॅबचं सर्टिफिकेट, खर्चाच्या पावत्या आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याची माहिती. स्वतःच्या मेहनतीच्या दिवसांचा वाजवी दर लावता येतो, मी दिवसाला दीडशे लावला, तीन दिवसांचे साडेचारशे आणि लॅबचे एकशे एकाहत्तर, एकूण सहाशे एकवीस. चारशे क्लेमला लागले, उरलेले पुढच्यासाठी जमा राहतात. ८ फेब्रुवारीला पाठवला. मार्चमध्ये दुरुस्तीला परत आला कारण माझ्या नकाशावर स्केल आणि उत्तरेचा बाण नव्हता, आणि एका पावतीवरची तारीख पुसट होती. ते करून परत दिला, एप्रिलमध्ये मंजूर.

सगळा खर्च मिळून, लायसन्स, क्लेम, लॅब, दोन ट्रिपचं पेट्रोल, चार रात्री मोटेल, हातोडा-चष्मा-जॅकेट-स्प्रे धरून, साधारण बाराशे डॉलर झाला. यातले सरकारला गेले ते फक्त साडेपंच्याहत्तर.

उरलेले चार नमुने गॅरेजमध्ये डब्यात आहेत, झाकणावर आण्णांच्या अक्षरात नंबर टाकलेत. त्यातला पाच नंबरचा ते सारखा विचारतात, पाठवलास का म्हणून. या महिन्याचा पगार झाला की पाठवणार आहे.